स्वीडनचा क्रोना : बंधन आहे, मुदत नाही

युरोपीय संघात शिरणाऱ्या देशाला युरो घ्यावाच लागतो का? स्कॉटलंडमध्ये २०१४ साली स्वातंत्र्यासाठी सार्वमत झालं, तेव्हा हा प्रश्न पुन्हापुन्हा विचारला गेला. उत्तरं ठरलेली होती. एक बाजू म्हणायची, तहात लिहिलंय, घ्यावाच लागेल. दुसरी म्हणायची, मग स्वीडनकडे बघा. १९९५ पासून संघात आहे आणि आजही तिथे क्रोनाच चालतो.

दोन्ही उत्तरं खरी आहेत, आणि दोन्ही अपुरी आहेत. स्वीडनचा दाखला देणारे बहुतेक जण त्या देशाने नेमकं काय केलं, ते चाललं कसं आणि त्याची किंमत काय पडली, हे सांगत नाहीत. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो.

तहातला शब्द

मास्ट्रिक्टच्या तहावर फेब्रुवारी १९९२ मध्ये सह्या झाल्या. समान चलनाचा रस्ता तिथे आखला गेला. आजच्या तहातही वाक्य स्वच्छ आहे : संघ आर्थिक आणि चलनविषयक ऐक्य स्थापन करेल आणि त्याचं चलन युरो असेल. त्यात ‘इच्छा असल्यास’ असं कुठेही नाही. लेखी सूट मिळाली ती फक्त ब्रिटन आणि डेन्मार्क या दोन देशांना. ब्रिटन आता संघातच नाही, म्हणजे उरला एकटा डेन्मार्क. बाकी सगळे देश दोन खान्यांत बसतात. एका खान्यात युरो घेतलेले, दुसऱ्यात ‘अजून न घेतलेले, पण घ्यायचा असलेले’. स्वीडन दुसऱ्या खान्यात आहे. २००४ पासून आलेल्या प्रत्येक देशाच्या प्रवेश-तहातही हेच कलम आहे : आल्या दिवसापासून तुम्ही या ऐक्याचे भागीदार, फक्त युरो वापरण्यापुरती तात्पुरती सवलत.

सवलत संपते कधी? निकष पूर्ण झाले की. महागाई सर्वांत स्थिर अशा तीन देशांच्या सरासरीपेक्षा दीड टक्क्याहून वर नको. दीर्घ मुदतीचे व्याजदर त्यांच्यापेक्षा दोन टक्क्यांहून वर नकोत. सरकारी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३% आणि कर्ज ६०% च्या आत, किंवा निदान त्या दिशेने उतरत असलेलं. मध्यवर्ती बँकेचे कायदे संघाच्या कायद्यांशी जुळते. आणि शेवटचा निकष, ज्याच्याभोवती हे सगळं प्रकरण फिरतं : आपलं चलन किमान दोन वर्षं विनिमय-दर यंत्रणेत, म्हणजे ‘ईआरएम’मध्ये, मोठी ओढाताण न होता राहिलेलं हवं. १९९९ पासून या यंत्रणेची दुसरी आवृत्ती चालू आहे. तीत चलनाचा युरोशी एक मध्यवर्ती दर ठरतो आणि त्याच्या वर-खाली साधारणतः १५% पर्यंत हलायची मोकळीक असते.

आता खरी गोम. जून १९९७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला युरोपीय परिषदेने, म्हणजे सदस्य देशांच्या प्रमुखांच्या बैठकीने, या नव्या यंत्रणेचा ठराव केला. त्यात म्हटलंय की युरोबाहेरच्या देशांसाठी सहभाग ऐच्छिक राहील. मात्र सवलत असलेल्या देशांनी त्यात यावं अशी अपेक्षा आहे. म्हणजे युरो घेणं बंधनकारक, युरोसाठी ईआरएममध्ये दोन वर्षं काढणंही बंधनकारक, पण ईआरएममध्ये पाऊल टाकणं ऐच्छिक. साखळीतली एक कडी सैल राहिली. ती जाणूनबुजून सैल ठेवली असं माझं मत आहे. पाच वर्षांपूर्वीचा पोळलेला हात तेव्हा सगळ्यांच्या लक्षात होता. कोणत्याही देशाला जबरदस्तीने स्थिर दरात बांधलं तर सट्टेबाज काय करतात हे युरोपने पाहिलेलं होतं. स्वीडनने तर फार जवळून पाहिलेलं होतं.

पाचशे टक्के

मे १९९१ मध्ये स्वीडनने स्वतःहून क्रोना युरोपच्या तेव्हाच्या हिशोबी चलनाला, ‘एक्यू’ला, बांधला. तेव्हा तो संघाचा सदस्यही नव्हता. पुढच्याच वर्षी युरोपभर चलनांवर हल्ले सुरू झाले. ८ सप्टेंबर १९९२ ला शेजारच्या फिनलंडने हात टेकले आणि मार्का बाजारावर सोडून दिला. मग मोर्चा क्रोनाकडे वळला. रिक्सबँक, म्हणजे स्वीडनची मध्यवर्ती बँक, व्यापारी बँकांना एका रात्रीपुरतं कर्ज देताना जो दर लावते तो तिने आधी ७५% वर नेला. १६ सप्टेंबरला ब्रिटनने ईआरएम सोडली, त्याच दिवशी रिक्सबँकेने हा दर ५००% केला. पाचशे. क्रोना उधार घेऊन विकणाऱ्याला ते परवडू नये, एवढाच त्यामागचा विचार. गव्हर्नर बेंग्त डेनिस होते, पंतप्रधान कार्ल बिल्ट. सरकार आणि विरोधक यांनी एकत्र बसून काटकसरीचे कार्यक्रम जाहीर केले. तरीही १९ नोव्हेंबरला बांध फुटला आणि क्रोना मोकळा सोडावा लागला.

त्यानंतर जे घडलं ते स्वीडिश माणसाच्या मनात जास्त खोल रुतलं. मोकळा सोडलेला क्रोना झपाट्याने घसरला, पण देश बुडाला नाही. निर्यात सावरली. रिक्सबँकेने जानेवारी १९९३ मध्ये २% महागाईचं उद्दिष्ट जाहीर केलं, १९९५ पासून ते अमलात आलं. सरकारने खर्चाला कठोर शिस्त लावली. बँका कोसळल्या होत्या, बेकारी भडकली होती, आणि त्यातून वर येताना तरंगतं चलन हाताशी होतं. ज्या पिढीने हे पाहिलं तिला ‘चलन बांधून टाका’ असं सांगणं सोपं नव्हतं.

दार उघडताना काय बोलणं झालं

ऑस्ट्रिया आणि फिनलंडबरोबर स्वीडनच्या प्रवेशाच्या वाटाघाटी १ फेब्रुवारी १९९३ ला सुरू झाल्या. स्वीडनच्या बाजूने युरोपमंत्री उल्फ डिंकेलस्पील यांनी एक निवेदन केलं : समान चलनाच्या अंतिम टप्प्याबाबत स्वीडन आपली शेवटची भूमिका पुढच्या घडामोडी पाहून आणि तहातल्या तरतुदींना धरून ठरवेल. समोरच्यांनी ते ऐकून घेतलं. पण जून १९९४ मध्ये कोर्फू बेटावर जो प्रवेश-तह सह्यांसाठी टेबलावर आला, त्यात डेन्मार्कसारखी सूट स्वीडनच्या नावावर नव्हती.

त्या एका निवेदनावर नंतर बरंच राजकारण उभं राहिलं. स्टॉकहोमचं म्हणणं, आम्ही आधीच सांगितलं होतं. ब्रुसेल्सचं म्हणणं, तुम्ही सांगितलंत, पण तहात उतरवून घेतलं नाहीत. कायद्याच्या दृष्टीने ब्रुसेल्सचं बरोबर आहे, यात मला शंका वाटत नाही. एकतर्फी निवेदनाने तहातली जबाबदारी सुटत नाही. आणि निवेदनातच ‘तहातल्या तरतुदींना धरून’ हे शब्द आहेत. त्या वेळी सूट का मागितली नाही, याचं उत्तरही अवघड नाही. डेन्मार्कला सूट मिळाली ती आत बसून. जून १९९२ च्या सार्वमतात डॅनिश मतदारांनी मास्ट्रिक्ट निसटत्या फरकाने फेटाळला आणि अख्खा तह अडकला. तो सुटावा म्हणून डिसेंबरमध्ये एडिंबरोला तडजोड झाली. स्वीडन बाहेर उभा होता. बाहेरच्याला अटी घालायची ताकद नसते.

१३ नोव्हेंबर १९९४ ला स्वीडिश मतदारांनी सदस्यत्वाला ५२.३% ‘हो’ म्हटलं आणि १ जानेवारी १९९५ ला देश संघात आला.

मग प्रश्न आला युरोच्या पहिल्या तुकडीत जायचं का. सरकारने अर्थतज्ज्ञ लार्स काल्मफोर्स यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नोव्हेंबर १९९६ मध्ये तिने सल्ला दिला : थांबा, पण दार लावून घेऊ नका. बेकारी अजून उतरली नव्हती, सरकारी तिजोरी अशक्त होती, आणि लोकांचा पाठिंबा पुरेसा नव्हता. हा तिसरा मुद्दा अर्थतज्ज्ञांच्या समितीने मांडावा हे मला महत्त्वाचं वाटतं. डिसेंबर १९९७ मध्ये रिक्सडागने, म्हणजे संसदेने, पहिल्या तुकडीत न जाण्याचा निर्णय घेतला.

मे १९९८ मध्ये अकरा देश निवडले गेले. स्वीडनबद्दल परिषदेने नोंदवलं की मध्यवर्ती बँकेचा कायदा जुळत नाही आणि क्रोना ईआरएममध्ये कधी आलेलाच नाही, म्हणून निकष अपूर्ण. त्याच यादीतल्या फिनलंड आणि इटलीलाही तेव्हा यंत्रणेत पुरती दोन वर्षं झाली नव्हती. फिनलंड ऑक्टोबर १९९६ मध्ये आला होता, इटली नोव्हेंबरमध्ये परतला होता. त्यांना यायचं होतं, म्हणून कालावधी थोडा कमी भरला तरी चाललं. स्वीडनला यायचं नव्हतं, म्हणून तोच निकष भिंत झाला. निकषांची भाषा आकड्यांची असली तरी ते वाचणारे राजकारणी असतात, हे पहिल्याच दिवशी दिसलं.

१४ सप्टेंबर २००३

पंतप्रधान योरान पेर्सोन यांनी सार्वमत जाहीर केलं तेव्हा सगळी वजनदार मंडळी ‘हो’च्या बाजूला होती : सोशल डेमोक्रॅट नेतृत्व, मॉडरेट पक्ष, लिबरल, मोठे उद्योग. ‘नाही’च्या बाजूला डावा पक्ष, ग्रीन, सेंटर पक्ष आणि पेर्सोन यांच्याच मंत्रिमंडळातले काही जण, उपपंतप्रधान मार्गारेता विनबेरी आणि लेफ पाग्रोत्स्की यांचा विरोध उघड होता. कामगार संघटनांचा महासंघ तटस्थ राहिला. मंदी आली तर क्रोनाच्या घसरणीचा आधार नसेल, मग धक्का कोण सोसणार, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी वेगळा निधी उभारावा ही त्यांची मागणी मान्य झाली नाही.

विरोधकांचा युक्तिवाद बाष्कळ नव्हता. व्याजदर फ्रँकफर्टमध्ये, युरोपीय मध्यवर्ती बँकेत, ठरणार. तो जर्मनी, फ्रान्स, इटली यांच्या मानाने ठरणार, ९० लाखांच्या स्वीडनच्या मानाने नाही. शिवाय त्याच वर्षी जर्मनी आणि फ्रान्स स्वतःच ३% तुटीची मर्यादा ओलांडून बसले होते. नव्वदच्या दशकात पोटाला चिमटा काढून तिजोरी सावरलेल्या देशाला हे बोचणं स्वाभाविक होतं.

‘हो’च्या प्रचाराचा सर्वांत विश्वासार्ह चेहरा होता परराष्ट्रमंत्री आना लिंद यांचा. बुधवार, १० सप्टेंबरला दुपारी त्या मैत्रिणीबरोबर स्टॉकहोमच्या ‘एनके’ या मोठ्या दुकानात गेल्या. बरोबर अंगरक्षक नव्हता. स्वीडनमध्ये मंत्री असेच फिरत. तिथे एकाने त्यांच्यावर चाकूने वार केले. दुसऱ्या दिवशी पहाटे रुग्णालयात त्या गेल्या. वय ४६.

प्रचार तिथल्या तिथे थांबला. मतदान पुढे ढकलायचं का यावर पक्षांनी बोलणं केलं आणि ठरल्या दिवशीच घ्यायचं ठरवलं. सहानुभूतीची लाट ‘हो’कडे जाईल असा अंदाज अनेकांनी बांधला होता. रविवारी ८२.६% लोक मतदानाला आले. ‘नाही’ ५५.९%, ‘हो’ ४२%, उरलेली कोरी मतं. राजधानीच्या परिसराने ‘हो’ म्हटलं, उत्तरेच्या विरळ वस्तीच्या प्रांतांनी ठणकावून ‘नाही’. आपल्या लाडक्या मंत्र्याच्या हत्येनंतर तीन दिवसांनी मतदारांनी शोक आणि निर्णय वेगळे ठेवले. लोकशाहीत याहून प्रौढ वागणं मला तरी फारसं आठवत नाही.

हे सार्वमत सल्लावजा होतं, बंधनकारक नव्हतं. पण सगळ्या पक्षांनी निकाल पाळायचं आधीच मान्य केलं होतं, आणि तो आजवर पाळला गेला आहे.

मग बंधनाचं काय झालं?

दर दोन वर्षांनी युरोपीय आयोग, म्हणजे संघाची कार्यकारी संस्था, आणि युरोपीय मध्यवर्ती बँक युरोबाहेरच्या देशांचा अहवाल काढतात. डेन्मार्कचं नाव त्यात नसतं, कारण त्याला सूट आहे. स्वीडनचं असतं. तूट-कर्जाच्या बाबतीत स्वीडन युरो वापरणाऱ्या अनेक देशांपेक्षा सरस आहे. त्याचं सरकारी कर्ज गेली काही वर्षं राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४०% च्याही आत आहे. आणि प्रत्येक अहवालात तेच वाक्य : क्रोना विनिमय-दर यंत्रणेत नाही, मध्यवर्ती बँकेचे कायदे पूर्ण जुळत नाहीत, सबब सवलत चालू.

न्यायालयात खेचता आलं असतं का? तहाने आयोगाला तो मार्ग दिलेला आहे. सदस्यांनी संघाशी प्रामाणिक सहकार्य करावं असंही तहात आहे, आणि मुद्दाम निकष न पाळणं हे त्या विरुद्ध जातं असा युक्तिवाद करता येतो. पण पुढे काय? कोणत्या तारखेचं उल्लंघन झालं म्हणणार? तहात तारीखच नाही. ईआरएममध्ये जायचा दर संबंधित देश, युरोक्षेत्राचे अर्थमंत्री आणि मध्यवर्ती बँका यांनी मिळून ठरवायचा असतो; न्यायालय तो ठरवून देऊ शकत नाही. आणि समजा दिला, तर ज्या देशाच्या जनतेने मोठ्या संख्येने नकार दिला त्याचं चलन बाजारात टिकेल यावर कोण पैज लावेल? आयोगाने स्वीडनवर खटला भरला नाही, आणि बंधन नाही असंही कधी म्हटलं नाही. या दोन गोष्टी एकत्र धरल्या की स्वीडनचं आजचं स्थान कळतं.

याच्या उलट लिथुआनिया. हा देश जून २००४ पासून ईआरएममध्ये होता, २००७ मध्ये युरो घ्यायला उतावीळ होता. २००६ च्या अहवालात त्याची सरासरी महागाई २.७% निघाली, मर्यादा होती २.६%. एका दशांशाने दार बंद झालं. लिथुआनियाला युरो मिळाला तो थेट २०१५ मध्ये. एकाला घ्यायचा नाही म्हणून निकष अपुरे ठेवून बसता येतं, दुसऱ्याला घ्यायचा असून ०.१% साठी आठ वर्षं थांबावं लागतं. मला यात अन्याय दिसतो. नियम येऊ पाहणाऱ्यावर कडक आणि न येऊ पाहणाऱ्यावर सैल असा पडला.

डेन्मार्क : कागद एक, व्यवहार दुसरा

स्वीडनची गोष्ट डेन्मार्कशेजारी ठेवल्याशिवाय पुरी होत नाही. डेन्मार्कला युरो न घेण्याचा लेखी हक्क आहे. २८ सप्टेंबर २००० च्या सार्वमतात तिथे ५३.२% लोकांनी युरोला ‘नाही’ म्हटलं. आणि तरी डॅनिश क्रोन १९९९ पासून ईआरएममध्ये आहे. एका युरोला ७.४६०३८ क्रोन हा मध्यवर्ती दर, आणि हलायची मुभा १५% नव्हे, फक्त २.२५%. प्रत्यक्षात तो त्याहून कितीतरी कमी हलतो. फ्रँकफर्टने व्याजदर हलवला की कोपनहेगन त्याच वाटेने जातं. २०१५ च्या सुरुवातीला या दरावर दबाव आला तेव्हा डॅनिश मध्यवर्ती बँकेने आपला व्याजदर शून्याखाली ०.७५% पर्यंत उतरवला, पण दर सोडला नाही.

म्हणजे ज्याला बंधन नाही तो व्यवहारात युरोच्या पावलावर पाऊल ठेवून चालतो, आणि ज्याला बंधन आहे त्याचं चलन मोकळं तरंगतं. ‘युरो घ्यावाच लागतो का’ या प्रश्नाचं उत्तर नुसतं तहात शोधणाऱ्याने ही जोडी डोळ्यांपुढे ठेवावी.

मोकळ्या क्रोनाने काय दिलं, काय नेलं

२००८-०९ च्या आर्थिक संकटात क्रोना एका युरोला साधारण साडेनऊवरून अकराच्या पलीकडे घसरला. निर्यातदारांना हात मिळाला. फिनलंडकडे तो मार्ग नव्हता. २००९ मध्ये त्याची अर्थव्यवस्था सुमारे ८% आकसली, स्वीडनची त्याहून बरीच कमी. पुढची काही वर्षं फिनलंड रेंगाळला. हे सगळं युरोमुळे झालं म्हणणं मात्र खोटं ठरेल. नोकियाचा फोनचा धंदा बसला, कागदाची मागणी घटली, रशियाशी व्यापार आटला. स्वीडनमध्ये चलनाखेरीज चांगले बँक-नियम आणि मजबूत तिजोरीही होती. तरीसुद्धा संकटाच्या वेळी आपला दर आपल्या हातात असणं याला मोल आहे, हे ग्रीसकडे पाहणाऱ्या स्वीडिश मतदाराला पटवायची गरज उरली नाही.

दुसरी बाजू २०२२-२३ मध्ये दिसली. क्रोना दुबळा होत होत एका युरोला बाराच्या उंबरठ्यावर आला. बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू महागली, रिक्सबँकेला व्याजदर ४% पर्यंत न्यावा लागला. स्वीडिश घरकर्जं बरीचशी बदलत्या दराची असतात, त्यामुळे हप्त्यांनी घरोघरी झळ पोचली. त्याआधी २०१५ ते २०१९ रिक्सबँकेने व्याजदर शून्याखाली ठेवला होता, तोही बऱ्याच अंशी फ्रँकफर्टच्या उणे दरापुढे क्रोना वधारू नये म्हणून. म्हणजे स्वतंत्र चलन असूनही शेजारच्या मोठ्या बँकेकडे पाहूनच पावलं टाकावी लागतात. फरक इतकाच की तिथल्या टेबलावर स्वीडनची खुर्ची नाही. युरोक्षेत्राचे अर्थमंत्री जिथे आधी एकमेकांशी बोलून घेतात त्या ‘युरोग्रुप’मध्येही ती नाही. २०१८ मध्ये नॉर्डिया ही उत्तर युरोपातली सर्वांत मोठी बँक आपलं मुख्यालय स्टॉकहोमहून हेलसिंकीला घेऊन गेली, युरोक्षेत्राच्या बँकिंग व्यवस्थेत राहता यावं म्हणून. हे नुकसान आकड्यात मांडणं कठीण, पण ते खरं आहे.

रोजच्या जगण्यात हा प्रश्न कसा दिसतो ते उत्तरेच्या टोकाला कळतं. हापारांडा हे स्वीडिश गाव आणि टोर्निओ हे फिनिश गाव एकमेकांना खेटून आहेत. मधे नावाला सीमा. पलीकडे युरो, अलीकडे क्रोना. पलीकडचं घड्याळ एक तास पुढे. हापारांडात २००६ मध्ये आयकियाचं मोठं दुकान उघडलं, तिथे किंमती दोन्ही चलनांत. गावच्या इतर दुकानांतही युरोची नोट कुणी परत करत नाही. दक्षिणेला हेगानेस नावाच्या गावाने तर १ जानेवारी २००९ पासून स्वतःच ‘युरोचं गाव’ असल्याचं जाहीर केलं आणि दुकानदारांनी दोन्ही पाट्या लावल्या. कायद्याने देशाचं चलन क्रोनाच राहिलं. पण घेणाऱ्या-देणाऱ्याची सोय झाली की गल्ल्यात दोन्ही पैसे राहतात.

आपल्या मराठवाड्याने हे अनुभवलेलं आहे. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, पण निजामाचा ‘हाली’ रुपया एका रात्रीत गेला नाही. सात हाली म्हणजे सहा कलदार, म्हणजे सहा भारतीय रुपये, असा हिशोब काही वर्षं चालला. तिथे शेवट मात्र ठरलेला होता. आपल्या राज्यघटनेत चलन आणि नाणी हा विषय केंद्राच्या यादीत आहे. घटक राज्याला त्यात बोलायला जागा नाही. युरोपीय संघ तसा संघराज्य नाही. त्याचे सदस्य सार्वभौम देश आहेत, आणि चलन सोपवण्यासाठी शेवटचं पाऊल त्यांनाच उचलावं लागतं. स्वीडनला ‘बंधन’ असून ते अमलात का येत नाही याचं मूळ इथे आहे.

राजकीय ऐक्य आणि चलन यांची गाठ वाटते तेवढी पक्की कधीच नव्हती. क्रोनाचा जन्मच एका चलनसंघातला. १८७३ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्क यांनी समान मूल्याचं सोन्याचं नाणं स्वीकारलं, १८७५ मध्ये नॉर्वे त्यात आला. १९०५ मध्ये स्वीडन आणि नॉर्वे यांचं राजकीय ऐक्य तुटलं, तरी चलनाचं ऐक्य पहिल्या महायुद्धापर्यंत टिकलं. आजही मॉन्टेनेग्रो आणि कोसोव्हो संघाचे सदस्य नसताना युरो वापरतात.

नव्याने येणाऱ्याने यातून काय घ्यावं

उद्या स्कॉटलंड स्वतंत्र होऊन अर्ज करो, की युक्रेन, की अल्बानिया. त्यांच्या प्रवेश-तहात युरोचं कलम असेलच. आत येताक्षणी युरो घ्या असं कुणी म्हणणार नाही. तसं करताच येत नाही, दोन वर्षं यंत्रणेत काढावी लागतात. ‘उद्यापासून युरो’ ही भीती घालणारे चुकीचं सांगतात. ‘स्वीडनसारखं कायमचं टाळू’ असं प्रवेशाच्या वेळीच उघड सांगणारेही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात. नव्या सदस्याला आत घ्यायला सगळ्या सदस्यांची संमती लागते, आणि पाळायचं नाही असं आधीच ठरवून सही करणाऱ्याला ती मिळणं कठीण.

आज २७ पैकी २१ देश युरो वापरतात. क्रोएशियाने २०२३ मध्ये घेतला, बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ ला. बाहेर राहिले सहा : डेन्मार्क हक्काने, स्वीडन, पोलंड, चेकिया, हंगेरी आणि रोमानिया सवलतीत. पोलंड आणि चेकिया यांनीही ईआरएमच्या दारात पाऊल टाकलेलं नाही. म्हणजे स्वीडनने शोधलेली फट आता एकट्याची राहिलेली नाही.

माझं मत सांगतो. २००३ चा निकाल पाळणं योग्यच होतं. लोकांना विचारून मग त्यांचं न ऐकणं हा संघाच्या नावाने केलेला सर्वांत वाईट व्यवहार ठरला असता. पण त्यानंतर स्वीडिश सरकारांनी जे केलं नाही ते खटकतं. तहात एक गोष्ट आणि देशात दुसरी, हे दोन दशकं चालू ठेवण्यापेक्षा डेन्मार्कसारखी लेखी सूट मागायला हवी होती. त्यासाठी तहात बदल लागेल, सगळ्या सदस्यांची संमती लागेल, बदल्यात काहीतरी द्यावं लागेल, आणि पोलंडही मग तेच मागेल. या अडचणी खऱ्या आहेत. संघाचे मूळ तह बदलणाऱ्या लिस्बन तहाच्या वेळी मात्र सगळा मजकूर टेबलावर पुन्हा मांडलेला होता. त्या संधीतही स्टॉकहोमने ‘न बोललेलं बरं’ हेच धोरण ठेवलं. न बोलल्याने आजवर भागलं, पण ते दुसऱ्यांच्या समंजसपणावर भागलं, हक्कावर नाही.

मार्च २०२४ मध्ये स्वीडन नाटोत गेला. दोनशे वर्षांची अलिप्तता सोडलेला देश चलनाचाही फेरविचार करेल का, अशी चर्चा तिथे पुन्हा सुरू झाली आहे, आणि लिबरल पक्ष उघडपणे युरोच्या बाजूने आहे. मतदारांचा कौल बदलला तरी वाट लांबच असेल. लोकांना पुन्हा विचारल्याशिवाय कुठलंही सरकार हे पाऊल टाकणार नाही. मग कायदे जुळवायचे, यंत्रणेत प्रवेशाचा दर ठरवायचा, तिथे किमान दोन वर्षं काढायची, त्यानंतर अहवाल आणि परिषदेचा निर्णय. आज ‘हो’ म्हटलं तरी पहिली युरोची नोट स्टॉकहोमच्या एटीएममधून निघायला तीन-चार वर्षं लागतील, आणि त्या सबंध काळात क्रोनाला १९९२ साली जे जमलं नाही तेच करून दाखवावं लागेल : बांधलेल्या दरावर टिकून राहणं.